अबुल्हसन कुतुबशहाचे अखेरचे दिवस

गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल्हसन कुतुबशहा उर्फ तानाशाह ह्याजविषयीं बहुतेक लेखक दोनच गोष्टी सांगतात: एक त्याची विलासप्रियता, व दुसरी, कैद करावयास आलेल्या मोंगल सरदारांसमक्ष त्यानें स्वस्थपणें केलेलें भोजन. पैकीं भोजनाची गोष्ट खाफीखानाची. त्याची तवारीख प्रसंगानंतर चाळीसांवर वर्षांनीं पुरी झाली, आणि पराभूत सुलतानाविषयींची त्याची आस्था लपत नाहीं. साकी मुस्तैदखान दरबारी कागदांवरून लिहितो खरा, पण तो सर्वस्वी बादशाही पक्षाचा. तेव्हां ह्या पुरुषाची परीक्षा वेढ्याच्या हकीकतीवरून करणें बरें.

इ. स. १६८६ च्या सप्टेंबरांत विजापूर पडलें. १६८७ च्या जानेवारीअखेर औरंगजेब गोवळकोंड्यानजीक आला. अबुल्हसनाशीं गुप्त संधान ठेविल्यावरून त्यानें खुद्द शहाजादा शहाआलम ह्यास कैद केलें. जूनमध्यें मोंगलांनीं पेरलेले सुरुंग उलटून त्यांचेच लोक मेले. पाऊस, दुष्काळ व रोगराई ह्यांनीं छावणी हैराण झाली. किल्ला बळानें पडलाच नाहीं. २१ सप्टेंबर रोजीं पहांटेपूर्वीं अब्दुल्ला पणी ह्यानें फितुरीनें दिंडी उघडली. अब्दुर्रझाक लारी मात्र अंगाची चाळण होईपर्यंत झुंजला. निव्वळ ख्यालीखुशालींत बुडालेल्या धन्याचा किल्ला आठ महिने असा लढत नाहीं.

अबुल्हसनाचा खरा दोष त्यापूर्वींचा आहे. १६८५ च्या ऑक्टोबरांत मोंगल फौज येतांच तो हैदराबाद सोडून किल्ल्यांत शिरला व शहर लुटलें गेलें. पुढील मार्चांत मादण्णा व आकण्णा ह्यांचे खून झाले. ते त्यास टाळतां आले नाहींत. ह्याच मादण्णाच्या कारकीर्दींत, १६७७ सालीं, शिवाजी महाराजांची भेट होऊन कर्नाटकच्या स्वारीस साह्य मिळालें होतें. बादशहाची मर्जी राखण्यास हा बळी पुरेल, असा मारेकऱ्यांच्या पाठीराख्यांचा होरा असावा. पण खाफीखानानें दिलेल्या औरंगजेबाच्या उत्तरांत ब्राह्मणाहातीं कारभार दिल्याचा आरोप कायमच आहे, व संभाजी महाराजांस एक लक्ष होन पाठविल्याचा जोडीस आहे. म्हणजे मादण्णा मेला तरी त्याचा गुन्हा धन्याच्या माथीं राहिलाच.

अबुल्हसनास पुढें दौलताबादेच्या किल्ल्यांत ठेविलें. तेथून त्याची सुटका झाली नाहीं; कबर खुलदाबादेस आहे.