हिंगणे : स्त्रीशिक्षण संस्थेचे आवार

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, कर्वेनगर येथील ऐतिहासिक शैक्षणिक परिसर. पूर्वीचे हिंगणे बुद्रुक गाव आता महानगरात सामावले असून त्याचे प्रचलित नावही या आवाराच्या संस्थापकावरून पडले आहे.

धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. त्यांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केल्यामुळे सनातनी मंडळींचा रोष ओढवला होता. त्यात पुण्यात प्लेगची साथ आली. त्यामुळे १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याला हलवण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी सहा एकर जमीन आणि इमारतीकरिता ७५० रुपये दिले. माळरानावर उभी राहिलेली साधी झोपडी ही या आवाराची पहिली वास्तू. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाले की कर्वे पुण्याहून पायी येथे येत आणि मुलींना शिकवत. मुक्कामाची सोय, पाठशाळा आणि स्वयंपाकघर एकाच आवारात असल्याने घर तुटलेल्या विधवांना येथे शिक्षणाबरोबर आसराही मिळाला. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई (बाया) आणि त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी गावोगाव फिरून संस्थेसाठी निधी जमवला. येथील बांधकामामागे अशा लहानमोठ्या देणग्यांचे बळ आहे.

१९१६ मध्ये कर्व्यांनी भारतातील पहिले महिला विद्यापीठ स्थापले. त्याची महाविद्यालयीन शाखा, महिला पाठशाळा, याच परिसरात सुरू झाली. तेथे उच्च शिक्षण मातृभाषेतून दिले जाई. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिल्यावर विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. पुढे विद्यापीठाचे पुण्यातील महाविद्यालय एरंडवण्यात गेले. हिंगण्याचे आवार मूळ संस्थेकडे राहिले. ती आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते.

सध्या येथे शाळा, वसतिगृहे, मुलींसाठीचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय (१९९१) आणि डॉ. भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय (१९९४) आहे. या आवाराचे मोल भव्य शिल्पकामात नाही. समाजाने ज्यांना दार बंद केले, त्या स्त्रियांसाठी येथे आधी निवारा आणि मग विद्यापीठ उभे राहिले. म्हणूनच स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात हिंगण्याचे स्थान अनन्यसाधारण आहे आणि येथील जुन्या वास्तूंचे जतन अगत्याचे आहे.