शेतकऱ्यांच्या कंपनीत परदेशी भांडवल : गोष्ट मोहाडीची

मंडळी, "बाहेरचा पैसा आला की कंपनी गेली" असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीचा इतिहास सांगतो.

विलास शिंदे आणि मोजक्या शेतकऱ्यांनी 2010 च्या सुमारास 'सह्याद्री' ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली. अशा कंपनीची सोय 2002 च्या कायदा दुरुस्तीनं झाली. पण तिचे सभासद फक्त उत्पादक किंवा त्यांच्या संस्था. बाहेरच्याला शेअर देता येत नाही. मग पॅकहाऊस, शीतगृह, प्रक्रिया यांना भांडवल आणायचं कुठून? बँकेचं कर्ज घ्यावं, तर हंगाम बुडाला तरी हप्ता थांबत नाही.

त्यांनी वाट काढली. 'सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर' ही वेगळी उपकंपनी. 2022 मध्ये तिच्यात बेल्जियमच्या इन्कोफिन आणि कोरिस, नेदरलँड्सची एफएमओ व फ्रान्सची प्रोपार्को यांनी मिळून 310 कोटी रुपये गुंतवले. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली.

हे कर्ज नव्हे, हिस्सा आहे. धंदा वाढला तर गुंतवणूकदार काही वर्षांनी हिस्सा चढ्या किमतीला विकून बाहेर पडतो. बुडाला तर त्याचेही पैसे बुडतात. म्हणून तो पै-पैचा हिशेब मागतो. उद्या तो हिस्सा कुणाला विकेल, ही काळजी मात्र आपणच करायची.

मुदखेडची फुलं, अर्धापूरची केळी आजही व्यापारी सांगेल त्या भावात जातात. 310 कोटी राहू द्या. आपल्या गावच्या शेतकरी कंपनीनं आधी ताळेबंद सभासदांसमोर मांडावा. भांडवल हिशेबाच्या मागं येतं, बोर्डाच्या मागं नाही. तुम्ही सभासद असाल तर यंदा विचारा.