केसापेक्षा बारीक फटीचा इतिहास

काही दिवसांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एका ग्राफिक्स कार्डावरचे पंखे आणि पत्र्यांची जाळी काढून आम्ही तेथे तांब्याचा पोकळ ठोकळा बसवला. ठोकळ्यात बारीक खाचा, त्यांतून पंपाने खेळवलेले पाणी. गळती कुठेही नव्हती. पण मोठे गणित चालू करताच काही सेकंदांत चिप कमाल तापमानाला पोचली आणि कार्डाने आपला वेग आपोआप कमी केला. ठोकळ्याला हात लावून पाहिला, तर तो थंडगार! मग उष्णता अडली कुठे?

या प्रश्नामागे संगणकाच्या इतिहासातील एक जुनी अडचण आहे.

अमेरिकेत १९४६ साली जाहीर झालेला 'एनिॲक' संगणक सुमारे १५० किलोवॉट वीज खात असे. तरीही तो थंड ठेवायला पंखे पुरले, कारण ती उष्णता खोलीभर पसरलेल्या सुमारे १८,००० निर्वात नळ्यांतून बाहेर पडत होती. उष्णता किती, यापेक्षा ती किती जागेतून बाहेर पडते, हे महत्त्वाचे. घरातली १,००० वॉटची इस्त्री घ्या. तिच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण २०० चौ. सेंमी. धरले, तर दर चौ. सेंमी.ला ५ वॉट होतात. आता २०२२ साली आलेले आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड पाहू. त्याची कमाल मर्यादा ४५० वॉट. त्यातले ३६० वॉट मुख्य चिपमधून निघतात असे मानू. चिपचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौ. सेंमी., म्हणजे दर चौ. सेंमी.ला ६० वॉट. इस्त्रीच्या बारा पट! शिवाय इस्त्री तापावी म्हणून बनवलेली असते, चिप मात्र तापली की बिघडते.

अशा वेळी पाणी उपयोगी पडते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी एक अंश तापताना सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेते. मिनिटाला एक लिटर पाणी खेळवले, तर ३६० वॉट वाहून नेताना ते जेमतेम ५ अंशांनी तापते. पण विजेच्या मंडलात पाणी शिरू द्यायचे नाही आणि तरी चिपच्या अगदी जवळ न्यायचे, हे जमवायचे कसे?

आयबीएम कंपनीने १९८० साली '३०८१' हा संगणक जाहीर केला, तेव्हा तिच्या अभियंत्यांपुढे हाच प्रश्न होता. सुमारे ९ सेंमी. बाजूच्या चिनी मातीच्या एका पट्टीवर शंभराहून अधिक चिपा बसवलेल्या होत्या. त्या सगळ्या नेमक्या एका पातळीत बसणे अशक्य. वरून सपाट थंड पत्रा ठेवला, तर तो काही चिपांना टेकणार आणि काहींना नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला एकेक ॲल्युमिनियमचा दट्ट्या ठेवला. दट्ट्यांच्या वर पाण्याने थंड होणारा पत्रा होता. तरीही बारीक फटी उरल्याच. त्यांतील हवा काढून त्यांनी तेथे हेलियम भरला, कारण हेलियमची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे सहा पट आहे.

इतरांनी वेगळे मार्ग शोधले. स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीज यांनी १९८१ साली सिलिकॉनमध्येच ५० मायक्रॉन रुंदीच्या खाचा कोरल्या, त्यांतून पाणी सोडले आणि दर चौ. सेंमी.ला ७९० वॉट उष्णता काढून दाखवली. फटच ठेवली नाही! सेमूर क्रे यांच्या १९८५ सालच्या 'क्रे-२' मध्ये तर सगळी मंडले वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवलेली होती.

पुढे १९९०च्या दशकात पाणी मागे पडले. जुन्या द्विध्रुवी ट्रान्झिस्टरांच्या वेगवान मंडलांत काम नसतानाही प्रवाह वाहत राही. त्यांच्या जागी आलेली सीमॉस मंडले तेव्हा मुख्यतः स्थिती बदलतानाच वीज खात, म्हणून पंखे पुन्हा पुरेसे झाले. मात्र चिपवरील ट्रान्झिस्टर आणि वेग वाढत गेले, तशी उष्णताही परतली. हौशी मंडळी घरच्या संगणकासाठी मत्स्यालयाचे पंप आणि मोटारीचे जुने रेडिएटर जोडू लागली. २००८ साली आयबीएमच्या 'पॉवर ५७५' मध्ये पाणी पुन्हा चिपवरच्या तांब्याच्या ठोकळ्यापर्यंत आले. पुण्यात आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' हा महासंगणकही द्रवाने थंड ठेवला जातो.

आता आमच्या कार्डाकडे वळू. त्यावर मुख्य चिपभोवती स्मृतीच्या चिपा असतात. त्यांच्यावर आम्ही ज्या मऊ गाद्या लावल्या, त्या थोड्या जाड होत्या. ठोकळा गाद्यांवरच टेकला आणि मधल्या चिपवर तो नीट दाबला गेला नाही.

एवढ्याशा फटीने काय बिघडते? हिशेब करून पाहा. चिप आणि तांबे यांमध्ये १० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या सातव्या हिश्शाएवढी, हवेची फट आहे असे माना. दर चौ. सेंमी.ला ६० वॉट त्यातून जायचे, तर दोन बाजूंच्या तापमानात सुमारे २३० अंशांचा फरक लागेल. तीच फट उष्णतावाहक लेपाने भरली, तर फरक एक-सव्वा अंशावर येतो. हवेची वाहकता ०.०२६ आणि चांगल्या लेपाची सुमारे ५, एवढाच काय तो भेद.

आम्ही ठोकळा काढला, जुना लेप पुसला, योग्य जाडीच्या गाद्या लावल्या आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळले. एकच कोपरा आधी आवळला, तर उघड्या चिपची कड फुटू शकते. या वेळी गणित रात्रभर चालले.

हे वर्गातही दाखवता येईल. स्टीलचे दोन पेले एकात एक बसवून थंड पाण्याच्या परातीत ठेवा. आतल्या पेल्यात गरम पाणी ओता आणि दर मिनिटाला तापमान लिहा. मग दोन पेल्यांमध्ये चमचाभर पाणी घालून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही आलेख विद्यार्थ्यांना काढू द्या. फटीतल्या हवेने काय केले, ते त्यांना सांगावे लागणार नाही.