लँकेशायरचे माग थांबतात तेव्हा

लँकेशायर हे नाव आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. तेथील यंत्रमागांनी हिंदुस्थानच्या विणकराच्या तोंडचा घास काढून घेतला, एवढे सांगून तो धडा संपतो. परंतु त्या लँकेशायरचे पुढे काय झाले?

१९१३ साली सुमारे ३०० कोटी यार्ड विलायती कापड एकट्या हिंदुस्थानात आले. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची यंत्रे मुंबईपासून जपानपर्यंत जात होती. यंत्रामागून धंदाही जाईल, हे तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानी आले. पहिल्या महायुद्धात लँकेशायरची निर्यात रोडावली आणि तिची जागा मुंबईच्या व जपानच्या गिरण्यांनी घेतली. १९२९ मध्ये तर प्लॅट कंपनीनेच जपानच्या टोयोडा यांच्या स्वयंचलित मागाचे हक्क विकत घेतले. गुरूने शिष्याच्या दारी जावे, तसा हा प्रकार!

सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी डार्वेन येथे गेले, तेव्हा त्या भागात बेकारी माजली होती. तरीही गिरणीतील स्त्रियांनी त्यांचे हर्षाने स्वागत केले. गांधीजींनी त्यांचे दुःख ऐकून घेतले आणि हिंदुस्थानातील त्याहून मोठे दारिद्र्यही त्यांना सांगितले.

१९५८ साली ब्रिटनची सुती कापडाची आयात निर्यातीहून अधिक झाली. १९५९ च्या कायद्याने जुनी यंत्रे मोडीत काढण्यास सरकारने पैसा दिला. उरलेल्या गिरण्यांच्या रात्रपाळ्या भारत-पाकिस्तानातून गेलेल्या मजुरांनी सांभाळल्या. पुढे त्यांचेही काम गेले. बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल १९८२ मध्ये बंद पडली व नंतर तिचे संग्रहालय झाले. त्याच वर्षी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कारणे निराळी, पण विझलेली चूल सारखीच.

१८५७ नंतर उत्तरेकडून मालेगाव-भिवंडीस आलेल्या मोमीन विणकरांच्या वंशजांना हे परके वाटू नये. यंत्र जुने झाले की भंगारात जाते. माणूस कोठे जाणार? म्हणून पालकांना एवढेच सांगणे आहे : मुलाला मागाचे काम अवश्य शिकवा, पण त्यासाठी सातवीतून त्याची शाळा सोडवू नका. माग कोणत्या देशी जाईल, हे आपल्या हाती नाही. मुलाच्या हाती पुस्तक ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे.