भिंगाचा दोष आणि चित्राचा खरेपणा

१९४१ सालच्या ‘सिटिझन केन’ ह्या अमेरिकन बोलपटांत एक दृश्य आहे. अगदीं पुढें पेला व औषधाची बाटली, मध्यें पलंगावर निपचित पडलेली सुझन आणि दूरवर दार ढकलून आंत येणारा केन. पेला व दार हीं दोन्ही स्पष्ट दाखविणें एका भिंगाला साधण्याजोगें नव्हतें. म्हणून छायालेखक ग्रेग टोलंड ह्यानें एकाच फिल्मवर दोनदां चित्र घेतलें. एकदां जवळच्या वस्तूंवर भिंग साधून, एकदां दूरच्या दारावर.

चाळीस वर्षांनीं संगणकानें काढलेल्या चित्रांपुढें नेमकी उलट अडचण उभी राहिली. त्यांना भिंगच नव्हतें. जवळचें-दूरचें सारें सारखेंच रेखीव, आणि म्हणूनच खोटें वाटे. टोलंडनें खटपटीनें टाळलेला दोष आतां मुद्दाम निर्माण करणें प्राप्त झालें! १९८१ मध्यें मायकेल पॉटमेसिल व इंद्रनील चक्रवर्ती ह्यांनीं मार्ग दाखविला. प्रत्येक बिंदूचें अंतर नोंदावयाचें, त्यावरून भिंगाच्या नियमानें तो किती मोठ्या वर्तुळांत पसरेल तें काढावयाचें, आणि त्याचा रंग तेवढ्या जागेंत पसरावयाचा.

युक्ति सोयीची खरी, परंतु अपुरी. खऱ्या भिंगाला रुंदी असते; जवळच्या वस्तूच्या कडेमागचें तें थोडेंसें पाहूं शकतें. तयार चित्रांत त्या झांकलेल्या जागेची नोंदच नसते. १९८४ मध्यें लुकासफिल्ममधील रॉबर्ट कुक, टॉमस पोर्टर व लॉरेन कार्पेंटर ह्यांनीं भिंगाच्या निरनिराळ्या बिंदूंतून किरण सोडून ही उणीव मुळांतच दूर केली. वेळ मात्र फार लागे. चित्रें एकमेकांवर बसविणारे कारागीर म्हणूनच आजही पुष्कळदां पहिल्याच युक्तीकडे वळतात, आणि कडेमागची रिकामी जागा अंदाजानें भरून काढतात.