कोळशाचा जिल्हा, उन्हाचा जिल्हा

चंद्रपूरचं ऊन कोळशाने आणलं, असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. समुद्रापासून दूर असलेला हा मुलूख वरोऱ्याची सरकारी खाण एकोणिसाव्या शतकात सुरू होण्याआधीही वैशाखात भाजतच होता. ती खाण चालू असतानाच, 1896 मध्ये, स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं. पुढे बल्लारपूरच्या खाणी आल्या, 1980च्या दशकात कोळशावर चालणारं महाऔष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. आज त्याची क्षमता 2920 मेगावॅट आहे.

मग ‘इथे पूर्वीपासूनच तापतं’ हा आक्षेप खरा ठरतो का? अर्धाच. चिमणीतला कार्बन डायऑक्साइड गावावर थांबत नाही, साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. म्हणून चंद्रपूरच्या उन्हात लंडन-शिकागोच्या जुन्या भट्ट्यांचाही वाटा आहे. जगाचं सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीपेक्षा एका अंशाहून अधिक वाढलं आहे. मुळातच 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या गावाला ही वाढ सर्वांत जड जाते, कारण शरीराला सोसण्याची जागा तिथे आधीच संपत आलेली असते. उकाडा वाढला की विजेची मागणी वाढते आणि आणखी कोळसा जळतो. या विजेने रोजगार दिला, राज्यभरचे कारखाने चालवले, हे नाकारता येणार नाही. पण तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन एप्रिल-मे महिन्यांतच येतो, आणि ती पानं तोडणाऱ्यांच्या डोक्यावर पंखा नसतो.