कवटीचा बावटा

भाच्याचा सातवा वाढदिवस होता. घरात समुद्री चाच्यांचा नाद असलेला मी एकटाच, त्यामुळे ‘पायरेट थीम’चा केक आणायचं काम माझ्याकडे आलं. बेकरीवाल्याने जीव ओतून काम केलं होतं. काळ्या चॉकलेटवर पांढरीशुभ्र साखरेची कवटी, खाली फुलीसारखी दोन हाडं. आईने खोका उघडून आत पाहिलं.

“वाढदिवसाला कवटी? काढ ते आधी. औक्षण करायचंय मला.”

“अगं, ते चाच्यांचं निशाण आहे.”

“असेल. विजेच्या डीपीवरही तेच असतं.”

कवटी सुरीने अलगद उचलली गेली आणि बशीत जाऊन बसली. मी गप्प राहिलो. दहाबारा वर्षं या विषयावरची पुस्तकं जमवतोय, तरी आईचा मुद्दा खोडता येईना. कवटी मुळात चाच्यांची नव्हतीच. मरणाची होती, आणि चाच्यांआधी ती देवभोळ्या माणसांकडे होती.

सतराव्या शतकातल्या युरोपात कवटी चर्चच्या अंगणातल्या थडग्यांवर असे, अंगठीवर असे, श्रीमंताच्या दिवाणखान्यातल्या चित्रात फळांच्या परडीशेजारी असे. येशूला जिथे क्रूसावर चढवलं त्या गोल्गथाचा अर्थच कवटीची जागा, म्हणून क्रूसाच्या पायथ्याशीही ती कोरत. बरोबर पुष्कळदा वाळूचं घड्याळ. सांगणं एकच: बाबा रे, वेळ सरतेय, मरण विसरू नकोस. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस असिसी चर्चमध्ये जमिनीला जडवलेल्या थडग्यांच्या शिळा वाकून पाहा. तिथेही हाडं-कवटी भेटते, आणि त्या शिळांखाली कोणी दर्यावर्दी लुटारू पुरलेला नाही. खलाशी या खुणा बघतच वाढलेले होते. लोकांना घाबरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी नवं काही शोधलं नाही, गावच्या स्मशानातलं उचललं.

कधी उचललं? जहाजावर ती फडकल्याची जी सर्वांत जुनी नोंद सांगितली जाते, ती १७०० सालच्या जुलैची आहे. इंग्लंडच्या आरमाराच्या ‘पूल’ या जहाजाचा कप्तान जॉन क्रॅन्बी आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्ड बेटांपाशी इमॅन्युएल विन नावाच्या फ्रेंच चाच्याच्या मागे लागला होता. विनच्या काळ्या निशाणावर हाडांची फुली, कवटी आणि वाळूचं घड्याळ होतं, असं त्याने जहाजाच्या रोजनिशीत लिहून ठेवलं. थडग्यावरचा ऐवज जसाच्या तसा, घड्याळासकट.

हे साल आम्हा हौशी मंडळींना फार अडचणीचं आहे. हेन्री एव्हरीने औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे हजयात्रेहून सुरतेला परतणारं जहाज लुटलं ते १६९५ मध्ये, म्हणजे पाच वर्षं आधी. तरी कानात डूल आणि डोक्याला फडकं बांधलेली एक कवटी ‘एव्हरीचं निशाण’ म्हणून सर्रास विकली जाते. तिला त्या काळातला आधार नाही. पण कवटीला डूल घालायची कल्पना मात्र मला मनापासून आवडते.

काळ्या बावट्यामागचा हिशेब व्यापाऱ्याला पटेल असा होता. लढाई चाच्यांना परवडत नसे. तोफ डागली की माल भिजतो, जहाज फुटतं, आपलीही माणसं मरतात. समोरच्या व्यापारी जहाजावर जेमतेम पंधरावीस खलाशी, पगार तुटपुंजा, माल दुसऱ्याचा. त्यांनी कशाला मरावं? म्हणून आधी एखाद्या ओळखीच्या देशाचं निशाण लावून जवळ सरकायचं आणि माऱ्याच्या टप्प्यात आलं की काळा बावटा चढवायचा. शरण या, जीव वाचेल. नाहीच ऐकलं तर लाल बावटा: आता कोणाची गय नाही. हा नियम सगळीकडे तंतोतंत पाळला गेला असं नव्हे, पण दोन्ही रंगांचा अर्थ दर्यावर सगळ्यांना कळत होता.

दोन्ही बावटे एकदम पाहिलेल्या एका माणसाचं पत्र मुंबईहून लिहिलेलं आहे. जेम्स मॅक्रे हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘कॅसँड्रा’ या मुंबईला निघालेल्या जहाजाचा कप्तान. ऑगस्ट १७२० मध्ये कोमोरोस बेटांपैकी जोहानाला तो पाणी भरायला थांबला असताना एडवर्ड इंग्लंड या चाच्याची दोन जहाजं चालून आली. मोठ्या डोलकाठीवर काळा, पुढच्या डोलकाठीवर लाल आणि मागे साळसूदपणे इंग्लंडचा सेंट जॉर्जचा क्रूस! सोबतचं ‘ग्रीनिच’ हे कंपनीचंच जहाज मॅक्रेला तिथे टाकून निघून गेलं. तो काही तास एकटा झुंजला, जहाज उथळ पाण्यात रुतलं, डोक्याला गोळी चाटून गेली, तेव्हा उरलेल्यांना घेऊन किनाऱ्यावर पळाला. आणि दहाएक दिवस लपून राहिल्यावर हा गडी बोलणी करायला चाच्यांच्याच जहाजावर गेला. त्याला मारावं की सोडावं यावर तिथे बाचाबाची चालली असताना भल्यामोठ्या कल्लेमिशांचा, एक पाय लाकडाचा आणि अंगभर पिस्तुलं खोचलेला एक जण पुढे आला. त्याने मॅक्रेचा हात धरला आणि ठणकावलं, मी याच्या हाताखाली काम केलंय, भला माणूस आहे, याच्या केसाला धक्का लावाल तर बघा. मॅक्रे वाचला. चाच्यांनी त्याला आपलं मोडकं जहाज दिलं, कापडाचे १२९ गठ्ठेही परत केले. ४८ दिवसांनी, उपाशी आणि जवळजवळ उघडा, तो मुंबईला पोचला. पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.

‘ट्रेझर आयलंड’मधला एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर स्टीव्हन्सनला इथेच सापडला असं आमच्यातले बरेच जण छातीठोकपणे सांगतात. स्टीव्हन्सनने स्वतः मात्र हेन्ली या आपल्या एका पायाच्या मित्राला श्रेय दिलं आहे. आणि याच १७२० मध्ये मुंबईचे इंग्रज चाचा कोणाला म्हणत होते? सरखेल कान्होजी आंग्र्यांना. आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून गेलेला आणि हात हलवत परतलेला इंग्रजांचा ताफा पुढे मलबारच्या किनाऱ्यावर या खऱ्या, गोऱ्या चाच्यांच्या समोर आला आणि अंग चोरून निघून गेला.

निशाणाचं नाव थोडक्यात सांगतो. ‘जॉली रॉजर’ हे छापील रूपात रुळलं ते कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या टोपणनावाने १७२४ मध्ये निघालेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथात. मॅक्रेचं पत्रही त्यातच आहे. फ्रेंच ‘जोली रूज’, म्हणजे सुंदर लाल, यावरून ते आलं असं सांगतात. ही व्युत्पत्ती इतकी गोंडस आहे की माझा तिच्यावर विश्वास बसत नाही. कारण वर्षभर आधी, जुलै १७२३ मध्ये, अमेरिकेत न्यूपोर्टला २६ चाच्यांना फाशी दिलं तेव्हा त्यांचं निशाण वधस्तंभाच्या कोपऱ्यालाच बांधलं होतं. एका हातात वाळूचं घड्याळ आणि दुसऱ्या हातात भाला घेतलेला मृत्यू, भाल्याच्या टोकाला काळीज, त्यातून रक्ताचे तीन थेंब. त्याला ते म्हणत ‘ओल्ड रॉजर’. ओल्ड रॉजर हे सैतानाचं बोलीतलं नाव. या निशाणाखालीच जगू आणि मरू अशी त्यांची भाषा असे. ती खरी झाली.

बार्थोलोम्यू रॉबर्ट्सने तर निशाणावर वैयक्तिक हिशेब मांडला. बार्बाडोस आणि मार्टिनिकच्या गव्हर्नरांनी त्याच्या मागे जहाजं धाडली होती, म्हणून त्याने दोन कवट्यांवर पाय देऊन उभा असलेला स्वतः रंगवून घेतला. एका कवटीखाली बार्बाडोसकराच्या डोक्याची आद्याक्षरं, दुसरीखाली मार्टिनिककराच्या. गल्लीतल्या फ्लेक्सवर शोभेल असा माणूस.

माझ्या टी-शर्टवर कवटीखाली तलवारींची फुली आहे, जॅक रॅकमच्या नावाची. रॅकम १७२० मध्ये जमैकात फासावर गेला. ही रचना त्याच्या नावावर चढली विसाव्या शतकात. २००३ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये ब्लॅक पर्लवर तीच फडकली आणि मग तिला इतिहासाची गरज उरली नाही. २०२५ मध्ये इंडोनेशिया आणि नेपाळच्या रस्त्यांवर तरुणांनी सरकारविरोधात जी कवटी नाचवली, ती तर ‘वन पीस’ या जपानी मांगामधली, गवती टोपी घातलेली आणि चक्क हसणारी.

आईच्या डीपीवरची शाखा वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत विषाच्या बाटल्यांवर कवटी दिसू लागली. आपल्याकडे १९५६ च्या वीज नियमांनी धोक्याच्या पाटीवर स्थानिक भाषेतल्या मजकुराबरोबर कवटी आणि हाडं घालणं बंधनकारक केलं. वाचता न येणाऱ्यालाही कळावं, हे उघड होतं. मृत्यू पुन्हा आपल्या मूळ कामावर रुजू झाला.

अमेरिकेत पिट्सबर्गला मात्र उलटंच घडलं. तिथल्या बेसबॉल संघाचं नावच पायरेट्स, त्यामुळे मुलांना कवटी म्हणजे खेळ वाटायची भीती. विषाच्या बाटलीवरची कवटी बघून मुलांनी मागे सरायच्या ऐवजी आत काहीतरी गंमत आहे असं समजून हात घालू नये, म्हणून १९७१ मध्ये तिथल्या विषबाधा केंद्राने मुलांनाच विचारून दुसरं चित्र काढलं: जीभ बाहेर काढलेला, ओकारी आल्यासारखा हिरवा चेहरा.

औक्षण झालं, केक कापला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात गेलो तर बशी रिकामी. दारामागे भाचा आणि त्याचे दोन मित्र उभे, आणि तिघांत हाडं दोनच होती म्हणून भांडण चाललं होतं.